विश्लेषण : लेफ्टनंट जनरल डॉ. माधुरी कानिटकर यांची वाट इतर महिला अधिकाऱ्यांना का मिळाली नाही?

२०२० च्या फेब्रुवारीत दोन घटना लागोपाठ घडल्या. १७ तारखेला सर्वोच्च न्यायालयाने लष्करातील महिला अधिकाऱ्यांना पुरुषांप्रमाणेच पर्मनंट कमिशन देण्याचा आदेश दिला. २९ तारखेला डॉ. माधुरी कानिटकर लेफ्टनंट जनरल झाल्या. पुढे जुलै २०२१ मध्ये त्या नाशिकच्या महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाच्या कुलगुरू झाल्या. एकाच लष्करात एक महिला तीन ताऱ्यांपर्यंत पोहोचते आणि इतरांना कायम नोकरीसाठीच कोर्टाची पायरी चढावी लागते, असे का?

कानिटकर यांची कारकीर्द कशी घडली?

पुण्याच्या सशस्त्र सेना वैद्यकीय महाविद्यालयातून (एएफएमसी) एमबीबीएस झाल्यावर १९८२ मध्ये त्यांना कमिशन मिळाले. बालरोग आणि लहान मुलांचे मूत्रपिंडविकार हे त्यांचे क्षेत्र. पुढे त्या एएफएमसीच्या अधिष्ठाता झाल्या, उधमपूरला नॉर्दर्न कमांडच्या वैद्यकीय प्रमुख झाल्या. दिल्लीत संरक्षण दलप्रमुखांच्या हाताखाली वैद्यकीय विभागाच्या उपप्रमुख म्हणून त्या गेल्या, तोच कोविड आला. सेनादलांत हा दर्जा मिळवणाऱ्या त्या तिसऱ्या महिला. पती राजीव कानिटकर हेही लेफ्टनंट जनरल होते. गंमत म्हणजे ज्या एएफएमसीत त्या शिकल्या, ते आता नाशिकच्या याच विद्यापीठाशी संलग्न आहे.

मग फरक कुठे पडला?

आर्मी मेडिकल कोअरमध्ये. तिथे महिला डॉक्टरांना पर्मनंट कमिशन कित्येक दशकांपासून मिळते, बढत्यांची यादी वेगळी असते आणि ‘कमांड’ म्हणजे अनेकदा लष्करी रुग्णालय. कानिटकर यांच्या आधीच्या पुनीता अरोरा आणि पद्मा बंदोपाध्याय, नंतरच्या साधना सक्सेना नायर आणि आरती सरीन या सगळ्या डॉक्टरच.

इतर शाखांत महिलांना १९९२ पासून घेतले गेले, पण शॉर्ट सर्व्हिसवर. मुदत वाढत वाढत १४ वर्षांपर्यंत गेली. २००८ मध्ये कायदा आणि शिक्षण या दोन शाखांत पर्मनंट कमिशन खुले झाले, बाकीच्यांना २०२० पर्यंत थांबावे लागले. खरी मेख वयात आहे. कर्नल ५४ व्या वर्षी, ब्रिगेडियर ५६ व्या आणि मेजर जनरल ५८ व्या वर्षी निवृत्त होतो. वरच्या पदासाठी आधी युनिटची कमांड हवी, ठरावीक कोर्स हवेत. ऐन उमेदीची वर्षे ज्यांना ही संधीच नव्हती, त्यांना २०२३ मध्ये कर्नलपद मिळू लागले तेव्हा घड्याळ बरेच पुढे गेले होते. न्याय मिळाला, वर्षे परत मिळाली नाहीत.

नाशिकमध्ये काय बदलते आहे?

बरेच काही. मे २०२२ मध्ये गांधीनगरच्या आर्मी एव्हिएशन प्रशिक्षण केंद्रातून कॅप्टन अभिलाषा बराक लष्कराच्या पहिल्या महिला कॉम्बॅट एव्हिएटर म्हणून बाहेर पडल्या. एप्रिल २०२३ मध्ये पाच महिला अधिकाऱ्यांना प्रथमच तोफखान्यात कमिशन मिळाले. या दलाचे प्रशिक्षणकेंद्र म्हणजे आपले देवळालीचे स्कूल ऑफ आर्टिलरी.

मे २०२५ मध्ये खडकवासल्याच्या एनडीएतून १७ मुलींची पहिली तुकडी बाहेर पडली. कानिटकर यांना कमिशनपासून लेफ्टनंट जनरलपदापर्यंत ३७ वर्षे लागली. त्याच हिशोबाने या मुलींपैकी कोणाचा तिसरा तारा २०६० नंतरच दिसेल.

तोही कोणत्या शाखेत, हा प्रश्न उरतोच. पायदळ आणि रणगाडा दल महिला अधिकाऱ्यांना आजही बंद आहे, २०२० च्या निकालाने त्याला हात लावला नाही. लष्करप्रमुख बहुतेक वेळा पायदळ, रणगाडा दल किंवा तोफखान्यातून आले आहेत. अभियंता दलातून पहिला लष्करप्रमुख मिळायला २०२२ साल उजाडले. ते होते नागपूरचे जनरल मनोज पांडे.