आकृती काढता येते, पुढे काय?



दहावीच्या विज्ञानात हृदयाची नामनिर्देशित आकृती हा शिक्षकांचा आणि मुलांचाही आवडता प्रश्न. आपली मुले ती सुरेख काढतात. एक बाजू निळी, एक लाल, बाण अचूक, नावे पट्टीने आखलेल्या रेघांवर. मी स्वतः ती फळ्यावर किती वेळा काढली असेल याची गणती नाही. तरीसुद्धा आज मला या आकृतीविषयी थोडी तक्रार करायची आहे.

दोन वर्षांपूर्वीच्या स्नेहसंमेलनात चौथीच्या मुलांचे नृत्य चालू असताना तिसऱ्या रांगेत एक आजोबा खुर्चीवरून घसरून खाली पडले. नाव लिहीत नाही, मल्हारगंजातल्या बऱ्याच घरांना ते ठाऊक आहे. त्यानंतर आपण सर्वांनी काय केले? कोणी कार्यक्रम-पत्रिकेने वारा घातला, कोणी कांदा आणायला धावले, कोणी म्हणाले की गॅस झाला असेल. सभोवती इतकी गर्दी झाली की त्यांच्या सुनेलाच जवळ जाता येईना. आणि विज्ञानाची पदवीधर असलेली मी त्यांच्या तोंडात चमच्याने पाणी घालत होते. बेशुद्ध माणसाला पाणी पाजू नये, ते श्वासनलिकेत जाऊ शकते, एवढेही मला त्या क्षणी आठवले नाही. दहा-बारा मिनिटांनी त्यांना रिक्षात घातले. रुग्णालयात पोहोचल्यावर डॉक्टरांनी फक्त मान हलवली.

त्या सभागृहात दोनशे माणसे तरी अशी असतील ज्यांनी कधी ना कधी हृदयाची आकृती काढून पूर्ण गुण मिळवले होते. घरच्यांनी आम्हाला एका शब्दाने दोष दिला नाही. त्यामुळे ते जास्त लागले.

माझे शिक्षण हिंदी माध्यमातून झाले. होळकर विज्ञान महाविद्यालयात आम्ही ‘अलिंद-निलय’, ‘धमनी-शिरा’ पाठ केले. नंतर घरातल्या एका जुन्या मराठी पुस्तकात ‘कर्णिका-जवनिका’ आणि ‘रोहिणी-नीला’ भेटल्या, तेव्हा वाटले की ही कोणाच्या तरी मुलींची नावे आहेत. आता मुले इंग्रजी शब्द म्हणतात. तिन्ही भाषांतली नावे मला येतात, पण त्या संध्याकाळी एकही उपयोगी पडले नाही. (‘नीला’ हे नाव गोड असले तरी फसवे आहे. शिरांतले रक्त निळे नसते, गडद लाल असते. निळा रंग त्वचेतून दिसताना भासतो. पुस्तकातल्या निळ्या रंगामुळे कित्येक मुलांचा हा गैरसमज पक्का होतो.)

हृदय काय करते हे आकृतीपेक्षा हिशेबातून चांगले कळते. विल्यम हार्वे या इंग्रज वैद्याने १६२८ साली हाच हिशेब मांडला. त्याआधी युरोपात समजूत अशी होती की यकृतात अन्नापासून सतत नवे रक्त तयार होते आणि शरीर ते वापरून संपवते. हार्वेने विचारले, एका ठोक्याला थोडेसेच रक्त बाहेर पडते असे धरले, तरी अर्ध्या तासाचे किती होईल? उत्तर सगळ्या शरीरातल्या रक्तापेक्षा जास्त येते. इतके रक्त रोज कोणते जेवण तयार करणार? म्हणजे तेच रक्त फिरून परत येत असले पाहिजे.

हा हिशेब आमच्या नववीच्या मुलांनी मागच्या महिन्यात केला. एका ठोक्याला सुमारे ७० मिलिलिटर, मिनिटाला ७२ ठोके, म्हणजे साधारण ५ लिटर. मोठ्या माणसाच्या अंगात रक्तही साधारण ५ लिटरच. म्हणजे सगळे रक्त मिनिटाभरात एक फेरी करून येते. दिवसाचे ७,००० लिटरच्या वर. उन्हाळ्यात गल्लीत टँकरची वाट पाहणाऱ्या मुलांना हा आकडा लगेच कळला. मग दंडाला रुमाल बांधून हाताच्या शिरा फुगवल्या. शिरेवर एक बोट दाबून दुसऱ्या बोटाने रक्त हृदयाच्या दिशेने सारले, की रिकामी झालेली शीर वरून भरत नाही, कारण मधल्या झडपा रक्ताला मागे येऊ देत नाहीत. हा प्रयोगही हार्वेचाच. खर्च शून्य.

धमनीतून शिरेत रक्त कसे जाते ते मात्र हार्वेला दिसले नव्हते. १६६१ साली माल्पिघीने सूक्ष्मदर्शकातून बेडकाच्या फुफ्फुसात केशवाहिन्या पाहिल्या आणि वर्तुळ पूर्ण झाले.

आता मूळ मुद्द्याकडे येते. हृदय हा पंप आहे हे एकदा खरोखर पटले, तर तो बंद पडल्यावर काय करायचे हेही सुचू शकते. माणूस अचानक कोसळतो, हाका मारून, खांदे हलवून उत्तर देत नाही, श्वास नीट चालत नाही, तेव्हा त्याच्या रक्तात काही मिनिटे पुरेल इतका प्राणवायू अजून असतो. अडचण एवढीच की ते रक्त जागच्या जागी थांबलेले असते. मेंदूला चार ते सहा मिनिटांत इजा होऊ लागते. अशा वेळी १०८ ला फोन लावायचा आणि छातीच्या मधोमध, उभ्या हाडाच्या खालच्या अर्ध्यावर, तळहाताचा मनगटाकडचा भाग ठेवून, त्यावर दुसरा हात ठेवून, कोपर न वाकवता दाबायचे. ५ ते ६ सेंटिमीटर खोल, मिनिटाला १०० ते १२० वेळा. दाबले की रक्त पुढे ढकलले जाते. हात सैल सोडला, छाती पूर्ण वर आली, की हृदय पुन्हा भरते. म्हणून सोडणे हे दाबण्याइतकेच महत्त्वाचे. यातून नेहमीच्या प्रवाहाच्या चौथा ते तिसरा हिस्साच मिळतो, पण मदत येईपर्यंत मेंदू तग धरू शकतो. यालाच सी.पी.आर. म्हणतात. काहीच केले नाही तर जगण्याची शक्यता दर मिनिटाला सात ते दहा टक्क्यांनी घटते. आम्ही दहा-बारा मिनिटे घालवली.

काही पालक म्हणतील, हे डॉक्टरांचे काम, शाळेचे नाही. डॉक्टरांच्या कामाबद्दल मला अपार आदर आहे. मुंबईच्या के.ई.एम. रुग्णालयात डॉ. प्रफुल्ल कुमार सेन यांनी फेब्रुवारी १९६८ मध्ये हृदयरोपणाची शस्त्रक्रिया केली. केपटाऊनच्या डॉ. बर्नार्ड यांच्या पहिल्या शस्त्रक्रियेला तेव्हा तीन महिनेही झाले नव्हते. रुग्ण काही तासच जगला. पण त्या चमूने आधी कित्येक वर्षे कुत्र्यांवर शंभरेक प्रयोग केले होते, आपले डॉ. गुरुकुमार परुळकर त्यांत होते. भारतात यशस्वी हृदयरोपण त्यानंतर २६ वर्षांनी, ऑगस्ट १९९४ मध्ये, दिल्लीच्या एम्समध्ये डॉ. वेणुगोपाल यांनी केले. आज आपल्या इंदूरचे नाव अवयवदानासाठी घेतले जाते. २०१५ पासून येथे ग्रीन कॉरिडॉर होतात आणि रहदारी थांबवून रुग्णवाहिका विमानतळाकडे सोडतात. एका अनोळखी माणसाच्या अवयवासाठी सारे शहर रस्ता मोकळा करते, आणि शेजारच्या खुर्चीवरच्या माणसासाठी आपल्याला गर्दी बाजूला करता येत नाही. हे मला खटकते. डॉक्टर जे करतात ते रुग्णालयात. खुर्ची आणि रुग्णालय यांच्या मधली मिनिटे आपलीच असतात.

दुसरी शंका, मुलांना मरणाबिरणाच्या गोष्टी कशाला? माझा अनुभव असा की भीती न सांगितल्याने जास्त वाटते. तेरा-चौदा वर्षांचे मूल पुरेसा दाब देऊ शकते. लहानांना तेवढी ताकद नसते, पण १०८ लावणे, पत्ता नीट सांगणे, मोठ्यांना हाक मारणे हे तिसरीतल्या मुलालाही जमते. बरगडी मोडली तर, असे एका विश्वस्तांनी विचारले. मोडू शकते. ती जुळतेही.

पोहे-जिलबी सोडा, असा उपदेश मी करणार नाही. रविवारी सकाळी मीही त्याच रांगेत असते, हे तुम्ही पाहता. पण रंगपंचमीला टोरी कॉर्नरची गेर निघते, अनंत चतुर्दशीला झाँक्या निघतात, लाखो माणसे रस्त्यावर असतात. त्या गर्दीत कोणाला काय होईल सांगता येत नाही, आणि त्या गर्दीत आपलीच मुले असतात.

म्हणून विश्वस्त मंडळापुढे माझे दोन प्रस्ताव आहेत. नववी व दहावीला दरवर्षी एक पूर्ण दिवस या सरावासाठी द्यावा, आणि शाळेने सरावाचा एक पुतळा विकत घ्यावा. यंदा स्नेहसंमेलनाच्या मंडपाची सजावट थोडी कमी केली तर खर्च निघेल. आपल्या माजी विद्यार्थ्यांपैकी डॉक्टर झालेल्या दोघांनी शिकवायला येण्याचे कबूल केले आहे, मानधन नको म्हणाले.

पुतळा येईपर्यंत थांबायचे नाही असे आम्ही शिक्षकांनी ठरवले आहे. येत्या महिन्यापासून दर दुसऱ्या शनिवारी चार वाजता सभागृहात सराव होईल. येताना घरून एक कडक उशी आणावी. पालकांनी यावे, आणि आजी-आजोबांनी तर जरूर यावे. त्या आजोबांचा नातू आता सहावीत आहे. पहिल्या शनिवारी उश्या मांडायचे काम त्याने मागून घेतले आहे.