तडा दिसू द्या

मुंबईचा चोर बाजार असो की तालुक्याच्या गावातले भंगाराचे दुकान, जुन्या बेंच व्हाइसला आता दोन गिऱ्हाईक आहेत. एक वजनावर घेणारा, दुसरा शौकीन. टेबलाला बोल्टने आवळलेला, दोन जबड्यांत लोखंड धरून ठेवणारा हा व्हाइस फिटरचा आणि गॅरेजवाल्याचा तिसरा हात. आपल्या मोहल्ल्यांतल्या कितीतरी चुली त्याच्या जोरावर पेटल्या. तो भट्टीत जाण्यापेक्षा कुणीतरी हौसेने जपत असेल, तर आनंदच आहे. पण या हौसेबरोबर एक वाईट रीतही आली आहे. तडा गेलेल्या व्हाइसमध्ये पुट्टी भरायची, घासून वर चकचकीत रंग मारायचा आणि ‘रिस्टोअर केलेला’ म्हणून चढ्या भावाने विकायचा. दोष झाकणाऱ्या कामाला मी दुरुस्ती म्हणणार नाही. ती फसवणूक आहे.

बहुतेक जुने व्हाइस बिडाचे असतात. बीड दाब उत्तम सोसते, पण ताण आणि घाव सोसत नाही. पोलाद आधी वाकते, इशारा देते. बीड सहसा एकदम तुटते. तडा गेलेल्या जबड्यात बेअरिंग दाबताना तो तुटला, तर जखम काम करणाऱ्याच्या हाताला किंवा डोळ्याला होते. रंग मारणारा तेव्हा तिथे नसतो.

तडा शोधणे कठीण नाही. हातोडीने हलके ठोका. अखंड बीड खणखणते, तडकलेले बद्द वाजते. शंका असेल तर त्या जागी रॉकेल लावा, थोडे मुरू द्या, पुसून कोरडे करा आणि खडूची पूड चोळा. आत शिरलेले रॉकेल खडूवर रेघ बनून उमटते. पेनिट्रंट रसायने येण्याआधी रेल्वेच्या कारखान्यांत सुटे भाग असेच तपासत. मात्र ही परीक्षा उघड्या धातूवरच होते. म्हणून ताज्या जाड रंगाचा व्हाइस घेताना सावध असावे. हँडल वाकलेले दिसले, तर कुणीतरी त्यात पाइप घालून बेसुमार आवळले आहे, हे समजून जबड्याची मुळे आणि नटाचे आटे नीट पाहावेत.

जाड रंगाने ओळखही बुजते. शेफिल्डच्या सी. अँड जे. हॅम्प्टन कंपनीचा ‘रेकॉर्ड’ किंवा यॉर्कशरमधल्या शिप्लीचा ‘पार्किन्सन’ ओळखायचा तो ओतीव अक्षरांवरून, नंबरावरून आणि जबड्याच्या रुंदीवरून. जुन्या वर्कशॉपने छिन्नीने कोरलेला नंबर किंवा कुण्या कामगाराने पंचाने ठोकलेले आद्याक्षर हाही त्या वस्तूचा इतिहासच. ग्राइंडर फिरवून तो सपाट करू नये. गंज काढायला सौम्य मार्ग आहेत. धुण्याच्या सोड्याच्या पाण्यात व्हाइस बुडवून बॅटरी चार्जरचे ऋण टोक त्याला आणि धन टोक साध्या लोखंडी तुकड्याला जोडले, की गंज सुटतो, अक्षरे शाबूत राहतात. तिथे स्टेनलेस स्टील वापरू नका, त्यातून विषारी क्रोमियम पाण्यात उतरते. काम मोकळ्या हवेत करा, कारण हायड्रोजन वायू निघतो.

शिकागोच्या विल्टन कंपनीचे उदाहरण मला आवडते. झेक स्थलांतरित ह्यू व्होगल यांनी ती 1941 मध्ये सुरू केली. तिच्या सुरुवातीच्या व्हाइसवर सरकत्या भागाखाली जी तारीख ठोकलेली असते, ती बनवल्याची नसून पाच वर्षांची हमी संपण्याची असते. आपली जबाबदारी कधीपर्यंत, हे बनवणाऱ्याने लोखंडावरच लिहून दिले होते.

आपल्याला तर ही शिकवण फार जुनी आहे. सहीह मुस्लिममधला प्रसंग बहुतेकांना ठाऊक असेल. पैगंबर (स.) यांनी बाजारात धान्याच्या राशीत हात घातला, तर बोटांना ओल लागली. विक्रेता म्हणाला, पाऊस पडला होता. मग ओले धान्य लोकांना दिसेल असे वर का ठेवले नाही, असे त्यांनी विचारले आणि फसवणारा आपल्यातला नाही, असे बजावले. ओले धान्य विकण्याला त्यांनी हरकत घेतली नव्हती, लपवण्याला घेतली होती. फिकहमध्ये दोष लपवून विकलेली वस्तू परत करण्याचा गिऱ्हाइकाचा हक्क, खियारे ऐब, मानला गेला आहे.

व्यापारी म्हणतील, सगळे सांगून विकले तर घेणार कोण? घेणारे आहेत. हलक्या कानसकामाला सांधलेला व्हाइस चालतो, फक्त त्याचा भाव वेगळा असतो. शौकीन म्हणतील, आम्ही तो कपाटात ठेवणार, तडा असला तर काय बिघडले? पण संग्रह कायम एकाच हातात राहत नाही. उद्या तो विकला जाईल आणि घेणारा त्यावर काम करील.

चांगला कारागीर बीड तापवून पितळेने सांधतो. त्या सांध्याची पिवळी रेघ दिसते, ती दिसू द्यावी. रंग हवा तर मारा, पण सांधा उघडा ठेवा आणि कुठे काय दुरुस्त केले ते पावतीवर लिहून द्या. दुकानदाराला एवढे करणे जड नाही आणि गिऱ्हाइकानेही पैसे देण्याआधी ते मागून घ्यावे.