गॅस भरण्याआधी गळती शोधा!

उल्हासनगरच्या कॅम्प ५ मध्ये काय किंवा आणखी कुठे काय, एसी गार करीनासा झाला की लोक म्हणतात, 'गॅस संपला!' पण बंद नळ्यांतून फिरणारा हा वायू खर्च होत नाही. खोलीतील उष्णता शोषून तो ती बाहेर टाकतो. तो कमी झाला असेल, तर कुठेतरी गळती आहे. ती न बुजवता वायू भरणे म्हणजे ग्राहकाला पुन्हा खर्चात पाडणे. शिवाय जुन्या यंत्रांतील आर-२२ वायू वजनागणिक कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे १,८०० पट तापमानवाढ करतो. म्हणून या धंद्यात उतरायचे तर दहावीनंतर आयटीआयचा दोन वर्षांचा अभ्यासक्रम करा, उस्तादाच्या हाताखाली राबा. पण आधी गळती शोधा. गिऱ्हाईक त्यानेच टिकते.