आधी दुरुस्ती, मग सुधारणा

मागच्या पावसाळ्यात आमच्या थोरल्याने भंगारवाल्याकडून एक मोडका ट्रक घरी आणला. जत्रेत मिळते तसले खेळणे नव्हे. हातभर लांबीचा, रिमोटवर धावणारा, आत खरी गिअरपेटी, डिफरन्शियल आणि चारही चाकांना स्प्रिंगा. सकाळी पेपर टाकून साठवलेल्या पैशातले ८०० रुपये त्याने त्यासाठी मोजले होते. आम्ही चार बाप बोलतात तेच बोललो. “नववीत गेलास, क्लासची फी भरायची आहे, आणि तुला हे षोक सुचतात?” पोरगा काही बोलला नाही.

वाचकहो, आमची सारी नोकरी फिटर म्हणून गेली. हत्यारांची पेटी आजही घरात आहे, पण तिला कुलूप. मुलांनी हात लावायचा नाही, हा आमचाच नियम.

थोरल्याने आणखी पैसे साठवले आणि ६५० रुपयांची वेगवान मोटर आणून बसवली. अशा मोटरीत तारेचे वेढे जितके कमी, तितकी ती जोरात फिरते आणि बॅटरीतून करंटही जास्त ओढते. ट्रक गल्लीत दोनदा सुसाट गेला, तिसऱ्यांदा आतून कर्रर्र आवाज आला आणि मोटर नुसतीच फिरू लागली. गिअरपेटीतल्या मोठ्या प्लॅस्टिकच्या गिअरचे दाते सफाचट झाले होते. दोन महिन्यांची कमाई एका संध्याकाळी गेली. ट्रक माळ्यावर गेला, पोरगा भिंतीकडे तोंड करून झोपला. आम्हांला वाटले, बरी अद्दल घडली.

चार दिवसांनी धाकटीने विचारले, “बाबा, कारखान्यात बंद पडलेले मशीन आले की तुम्ही आधी काय करायचा?” आम्ही म्हणालो, “आधी उघडायचे, साफ करायचे, कुठे अडते ते हाताने फिरवून बघायचे.” ती म्हणाली, “मग दादाला हे का नाही सांगितले?”

आम्हांला उत्तर देता आले नाही. त्या रविवारी पेटीचे कुलूप काढले.

अशा छंदाच्या गाड्या मुळात उघडण्यासाठीच बनवलेल्या असतात. जपानमधील शिझुओका शहरातल्या तामिया कंपनीचे उदाहरण घ्या. १९४६ साली ती लाकडाचा व्यापार करीत होती, पुढे प्लॅस्टिकच्या प्रतिकृतींकडे वळली आणि १९७६ साली तिने रेडिओवर चालणारी पोर्शे मोटार काढली. तिच्या गाड्यांचे संच सुटे भाग म्हणून पेटीत येतात, ते घरी जोडायचे असतात. म्हणूनच एखादा भाग झिजला तर तेवढाच बदलता येतो. आमचा ट्रक भलत्याच बनावटीचा होता, पण रचना तीच.

पहिल्या दिवशी विकत काहीच आणले नाही. मोटर, रिसीव्हर, स्टिअरिंगची सर्व्हो मोटर असा विजेचा सगळा भाग बाजूला काढला. थोरला थिनर घेऊन आला होता, त्याला थांबवले. थिनरने प्लॅस्टिक खराब होते. साबणाचे पाणी आणि जुना टूथब्रश पुरला. प्रत्येक जागेचे स्क्रू वेगळ्या झाकणात ठेवले. धाकटी प्रत्येक पायरीचा मोबाइलवर फोटो काढत होती. जोडताना त्या फोटोंनीच वाचवले.

मग चाके हाताने फिरवून पाहिली. चारही जड. आत बेअरिंग नव्हत्या, प्लॅस्टिकच्या बुशी होत्या आणि त्यांत माती जाऊन त्या खरवडल्या होत्या. म्हणजे जुनी मोटर अशक्त नव्हती, तिची ताकद घासण्यात जात होती! नागदेवी स्ट्रीटवर ५ मिलिमीटर भोकाच्या, ११ मिलिमीटर बाहेरच्या मापाच्या आणि ४ मिलिमीटर जाडीच्या बेअरिंगा मिळाल्या. ४० रुपयाला एक, अशा आठ. त्या बसल्यावर चाक बोटाने ढकलले तर फिरतच राहिले. थोरल्याच्या चेहऱ्यावर पहिल्यांदा हसू आले.

मोठा गिअर नवा घेताना मोटरवरच्या लहान गिअरच्या दात्यांचे माप जुळवून घेतले. माप जुळले नाही तर नवेही दाते तुटतात. दोन गिअरमधले अंतर ठरवायला वहीच्या कागदाची पट्टी दोघांच्या मध्ये दाबायची, मोटरचे स्क्रू आवळायचे आणि पट्टी फिरवून काढून घ्यायची. उरते तेवढी फट पुरते. आधी ही फट जास्त होती, दाते टोकावरच अडकत होते. वेगवान मोटरीने फक्त शेवटचा धक्का दिला.

लॅमिंग्टन रोडवरून धातूच्या गिअरची सर्व्हो आणली. ती बसवली तर नवेच दुखणे. चाक दगडाला अडले की सगळा ट्रक क्षणभर मेल्यासारखा होई. नवी सर्व्हो जोर लावताना जास्त करंट ओढे आणि रिसीव्हरला वीजच उरत नसे. वेग सांभाळणारा जुना स्पीड कंट्रोलर तेवढा पुरवठा करू शकत नव्हता, तोही बदलावा लागला. एक जागा बळकट केली की ताण पुढच्या कमकुवत जागेवर जातो. पोरांना हे आम्ही तोंडाने शंभरदा सांगितले असते तरी पटले नसते.

बॅटरीवर मात्र घरात वाद झाला. थोरल्याला लिथियम पॉलिमर हवी होती. ती हलकी आणि जोरदार असते हे खरे. पण ती फुगली, तिला मार लागला किंवा ती चुकीच्या चार्जरवर लावली, तर पेट घेऊ शकते. तिला चार्जिंगला लावून झोपून चालत नाही, बाहेर जाऊनही चालत नाही. आमच्या खोलीत प्लगच्या शेजारीच आजीचे अंथरूण असते. सौ. म्हणाल्या, “वेग कमी चालेल, आग नको.” सहा सेलची ७.२ व्होल्टची निकेल बॅटरी घेतली. चार्जिंग तिचेही जागेपणीच करायचे, असे ठरले. थोरला थोडा हिरमुसला, पण ऐकले.

दिवाळीच्या सुट्टीत ट्रक मैदानात धावला. मोटर जुनीच, तरी पहिल्यापेक्षा वेगाने. खड्ड्यातून उसळला, उलटला, सरळ केल्यावर पुन्हा निघाला. धाकटीने रिमोट मागितला तेव्हा थोरल्याने निमूट दिला. फोटो तिचे होते, शिवाय मोटरवरचे कपॅसिटर तिनेच सोल्डर केले होते. ६५० रुपयांची ती वेगवान मोटर अजून डब्यात आहे. ती कधी बसवायची, ते आता दोघे हिशेबाची वही पाहून ठरवतात.

पालकांना विनंती एवढीच, की मुलाने मोडकी वस्तू घरी आणली तर ओरडण्याआधी त्याच्या शेजारी बसा. खर्चाला मर्यादा घाला, विजेचे आणि बॅटरीचे काम आपल्या नजरेखाली होऊ द्या, आणि मुलगी असेल तर पाना तिच्याही हातात द्या. हातातली विद्या आम्ही इतकी वर्षे पेटीत कोंडून ठेवली होती. त्या पेटीची किल्ली आता दाराजवळच्या खिळ्याला असते, धाकटीचा हात पोचेल इतक्या उंचीवर.