आधी दंडाला पट्टा बांधा



‘चाळिशीनंतर प्रत्येकाने मानेची सोनोग्राफी करावी’ हे पत्र वाचले. कळकळ पटली, सल्ला नाही.

गेल्या वर्षी मी ती करून घेतली. मान वळवून पडायचे, जबड्याखाली गार जेल, आणि पडद्यावर धमनीच्या भिंतीच्या दोन समांतर रेघा. मधले अंतर म्हणजे भिंतीची जाडी, मिलिमीटरहूनही कमी! प्रोब जरा कलला की आकडा हलतो. संशोधक पिग्नोली यांनी १९८६ मध्ये ही मोजणी मांडली. २०१३ च्या अमेरिकी मार्गदर्शक तत्त्वांनी मात्र ती सरसकट करू नये, असेच सांगितले.

पत्रलेखक भिंतीवरच्या ‘ताणा’विषयी लिहितात. तो पडद्यावर दिसत नाही, गणिताने काढावा लागतो: दाब गुणिले त्रिज्या, भागिले जाडी. त्रिज्या आणि जाडी सोनोग्राफीतून मिळते. दाब दंडाला पट्टा बांधूनच बघायचा. शिवाय दाब वाढला की भिंत जाड होऊन ताण आवरते. म्हणजे जाडी हा कधी कधी धमनीने स्वतःच केलेला बंदोबस्त असतो.

आमच्या घोडबंदर गावात, किल्ल्याच्या पायथ्याशी तपासणी शिबिर भरवायचेच, तर सोनोग्राफी यंत्राला गर्भलिंगनिदानविरोधी कायद्याची नोंदणी लागते. रक्तदाबाच्या यंत्राला एक टेबल पुरते. तिथेच साखर तपासा, तंबाखूचे विचारा.

हां, अचानक हात लुळा पडला, बोबडी वळली, मग पाच मिनिटांत बरे वाटले तरी तडक रुग्णालय गाठावे. तिथे मानेची सोनोग्राफी सांगितली तर ती टाळू नये.

— एक वाचक, घोडबंदर