पुसलेल्या फिती, घरातले पुरावे

गडचांदूर : मुंबई दूरदर्शन केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले. त्या काळी फिती महाग होत्या. त्यामुळे जुना कार्यक्रम पुसून त्याच फितीवर नवा मुद्रित केला जाई. अनेक मैफली अशाच नाहीशा झाल्या. १९८२च्या आशियाई क्रीडा स्पर्धांच्या सुमारास रंगीत दूरचित्रवाणी आली आणि ऐपत असलेल्या घरांत व्हीसीआरही आला. स्वतःचा कार्यक्रम टिपून ठेवणाऱ्या कलावंताची कॅसेट आज कदाचित एकमेव पुरावा असेल.

ही केवळ आशा नव्हे. बीबीसीने पुसलेले डेव्हिड बोवी याचे जानेवारी १९७३चे गायन एका कॅमेरामनने जपलेल्या प्रतीमुळे २०११ मध्ये पुन्हा मिळाले.

चंद्रपूर-गडचिरोलीत हा शोध अधिक निकडीचा आहे. दंडार आणि झाडीपट्टी रंगभूमीवरील गायक-वादकांना छोट्या पडद्यावर मुळातच कमी जागा मिळाली. गडचांदूरच्या कारखाना वसाहतीपासून वडशापर्यंत कुणाच्या कपाटात अशी कॅसेट असल्यास तिचे मोल मोठे आहे.

वेळ मात्र थोडा आहे. दमट हवेत फितीवर बुरशी चढते, चुंबकीय थर सुटतो. व्हीसीआरचे उत्पादनही २०१६ मध्ये थांबले. बुरशी लागलेली कॅसेट यंत्रात घालून पाहण्याचा मोह टाळावा. जाणकाराकडून ती स्वच्छ करून डिजिटल प्रत काढावी आणि कलावंतांची नावे व तारीख नोंदवावी. प्रसार भारतीनेही अशा खासगी प्रती निर्धास्तपणे स्वीकारल्या जातील, असे जाहीर करावे. अन्यथा स्वामित्वहक्काच्या धास्तीने उरलेला ठेवाही कपाटातच संपेल.