इंजिन नवं, पण पेट्रोल पोचवणार कोण?

'वीकेंडला काय केलंस?' या प्रश्नाचं पुण्यातलं स्टँडर्ड उत्तर म्हणजे एक मूव्ही, एक मॉल आणि दोन कॉफी. या सोमवारी माझं उत्तर ऐकून मैत्रिणी चाटच पडल्या. 'मुखेडला जाऊन जिप्सीला फ्युएल पंप बसवला!'

हो, मुखेड. जिल्हा नांदेड, पण लातूरची हद्दही जवळच. आजूबाजूला बालाघाटाचे डोंगर, वाडी-तांड्यांकडे जाणारे रस्ते आणि त्या रस्त्यांवर आयुष्य काढलेली आमच्या मामांची १९९७ची जिप्सी. मामा गुरांचे डॉक्टर. अडलेली म्हैस मुहूर्त बघत नाही, म्हणून रात्री-बेरात्री हीच गाडी निघायची. आता मामा रिटायर झाले, इंजिन धूर ओकायला लागलं. पण गाडी विकायचं नाव काढलं की घरात दोन दिवस अबोला.

मग दादानं, म्हणजे माझ्या मामेभावानं फंडा काढला: इंजिन स्वॅप! गाडी तीच, फक्त हृदय नवं.

थोडा इतिहास. मारुतीची जिप्सी १९८५ साली आली, ९७० सीसीचं इंजिन घेऊन. १९९६ला १३०० सीसीची जिप्सी किंग आली, तीही कार्बोरेटरवाली. २०००मध्ये एमपीएफआय आलं आणि ६० हॉर्सपॉवरची गाडी ८०वर गेली. मामांची जिप्सी मधल्या पिढीतली. दादानं तिसऱ्या पिढीचं इंजिन मिळवलं, वायरिंग आणि ईसीएमसकट. एकाच घराण्यातलं इंजिन, सोयरीक जुळायला हरकत नव्हती.

हरकत निघाली पेट्रोलची.

कार्बोरेटर तसा गरीब प्राणी. इंजिनाला चिकटलेला छोटा मेकॅनिकल पंप त्याला ३ ते ५ पीएसआय प्रेशरनं पेट्रोल देतो, तेवढ्यावर तो खूश. एमपीएफआयच्या इंजेक्टरना मात्र ४०च्या आसपास लागतं. तुमच्या कारच्या टायरमध्ये साधारण ३० पीएसआय हवा असते. म्हणजे टायरपेक्षा जास्त प्रेशरनं, हवा नाही, पेट्रोल! एमपीएफआय गाड्यांत त्यासाठी इलेक्ट्रिक पंप टाकीतच बुडवून ठेवतात. पेट्रोलमध्ये तो थंड राहतो, आवाजही कमी करतो. मामांच्या टाकीत तशी सोयच नव्हती आणि धड अवस्थेतली एमपीएफआय टाकी काही मिळेना. उरला एकच पर्याय, एक्स्टर्नल पंप. टाकीच्या बाहेर, चासीवर.

दादाला तो बॉनेटखाली हवा होता, हाताशी. गॅरेजच्या चाचांनी मान हलवली. "बेटा, या पंपाला ढकलता येतं, ओढता येत नै. टाकीच्या जवळ लावा, टाकीपेक्षा खाली लावा. पेट्रोल आपल्या पायानं त्याच्याकडं आलं पाहिजे." एका वाक्यात आख्खा चॅप्टर! बॉनेटखालच्या गरमीत पेट्रोलची वाफ होते आणि वाफ ओढणारा पंप लवकर मरतो, हे त्यांनी चहा पिता पिता सांगितलं.

मग रांग लागली. टाकी, जाळीचा मोठा फिल्टर, पंप, बारीक फिल्टर, इंजिन. तिथून प्रेशर रेग्युलेटरमधून जास्तीचं पेट्रोल परत टाकीत. नवा इंजेक्शनचा पाइप आणला होता, तो इंजिनाजवळ हातभर कमी पडला. रविवारची दुपार, दुकानं बंद. जुन्या कार्बोरेटर लाइनचा तुकडा समोरच पडला होता.

"हातभर पाइपासाठी आता नांदेडला कोण जाणार? लाव की हाच," असं कोण म्हणालं असेल? अस्मादिक!

चाचा नमाजाला गेले होते. पंपाची वायरही दादानं तात्पुरती सरळ चावीवर जोडली. मी ड्रायव्हिंग सीटवर बसले, स्टार्टर मारला आणि... सही! दहा मिनिटं इंजिन असं गुणगुणलं की मामी ओवाळायला ताट घेऊन आल्या.

मग वास आला. इंजिन खोकलं, बंद पडलं. मागून पंपाचा 'घूं' आवाज मात्र चालूच. मी पुन्हा स्टार्टर मारणार, एवढ्यात परत आलेले चाचा फाटकातूनच ओरडले, "चावी! चावी बंद कर!"

बॉनेट उघडलं तर जुना पाइप उभा फाटलेला. पेट्रोलचा फवारा सगळीकडे आणि तापलेला एक्झॉस्ट तिथून वीतभर लांब. इंजिन बंद पडलं, तरी पंप इमानदारीत पेट्रोल फेकतच होता. त्याला कुणी थांबायला सांगितलंच नव्हतं.

मामा काही रागावले नाहीत. फक्त म्हणाले, "गाडी जळली असती तर तिचं आयुष्य झालं होतं. आत तू बसली होतीस गं."

त्या रात्री मला जेवण गेलं नाही.

दुसऱ्या दिवशी सगळं पुन्हा. पूर्ण लाइन नव्या इंजेक्शनच्या पाइपची. आता पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल येतं आणि जुन्या रबराला ते मानवेलच असं नाही. सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे पंप आता ईसीएमच्या रिलेवर. चावी फिरवली की दोनेक सेकंद चालतो, प्रेशर भरतो, थांबतो. इंजिन फिरत असेल तरच पुढे चालतो. इंजिन थांबलं की पंपही गप्प. अ‍ॅक्सिडेंटमध्ये ड्रायव्हरचा हात चावीपर्यंत पोचेलच याची गॅरंटी काय?

घाटात अजून एक धडा मिळाला. टाकी पाव भरलेली, तीव्र वळणावर पेट्रोल एका बाजूला आणि पंपाच्या तोंडी हवा. गाडीला उचकी! त्यावर उपाय सर्ज टँक, म्हणजे लिटरभराचा छोटा डबा. कमी प्रेशरचा दुसरा पंप तो कायम भरलेला ठेवतो, मोठा पंप त्याच्या तळातून पितो, जास्तीचं पेट्रोल परत मुख्य टाकीत. घरात पाणी कधीही जातं म्हणून भरून ठेवलेला माठ, दुसरं काय!

आणि कागदपत्रं? तो मामांचा हट्ट. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ गाडीत मनमानी बदल करू देत नाही. सुप्रीम कोर्टानंही जानेवारी २०१९मध्ये तेच ठणकावलं. म्हणून इंजिन उतरवण्याआधीच दादाला आरटीओच्या परवानगीसाठी पिटाळलं होतं. आरसीवर नवा इंजिन नंबर चढेपर्यंत आणि इन्शुरन्सवाल्यांना कळवेपर्यंत मेन रोड बंद. नाहीतर क्लेमच्या वेळी बसा बोंबलत.

तुमच्याही डोक्यात असा किडा वळवळत असेल तर...
* शक्य असेल तर इंजेक्शनवाल्या गाडीची टाकीच मिळवा. एक्स्टर्नल पंप हा दुसरा पर्याय.
* पाइप आणि क्लिपा फ्युएल इंजेक्शनच्याच. हातभर तुकडासुद्धा!
* पंपाला रिले, फ्यूज आणि धक्का बसताच सप्लाय तोडणारा इनर्शिया स्विच हवाच.
* पहिल्या स्टार्टला फायर एक्स्टिंग्विशर हाताशी ठेवा. ओवाळायचं ताट नंतर.

निघताना मामांनी मला तोच फाटका पाइप धुऊन, वाळवून, पिशवीत घालून दिला. आता तो माझ्या डेस्कवर आहे. 'चालून जाईल गं' असं कुणी म्हटलं की मी फक्त त्याच्याकडे बघते.